वाफ्याची उंची

घर बांधून झाले की कंत्राटदार जाताना अंगण सपाट करून देतो. वर मुरूम पसरलेला, पाणी मारून दाबलेला, दिसायला सगळे नीटनेटके. त्या मुरमाखाली काय आहे हे पहार घातल्याशिवाय कळत नाही. पायाच्या खोदाईतून निघालेला खालचा निर्जीव थर, गिलाव्याचा पडलेला माल, फरशीचे तुकडे, सिमेंटची फाटकी पोती, तारा. मूळची वरची वीतभर माती पाया खणताना उलटून खाली गाडली जाते, नाहीतर ट्रॉलीत भरून दुसऱ्याच कोणाच्या प्लॉटवर जाते. जमिनीतले जिवाणू, गांडुळे, बुरशी, मुळांचे धागे बहुतेक त्या वीतभरातच नांदत असतात. अशा अंगणात कोणी हौसेने वांग्याची रोपे लावतो, नेमाने पाणी घालतो, रोपे गुडघ्यापर्यंतही येत नाहीत. मग ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून तो तिथे पेव्हर ब्लॉक बसवून टाकतो. दर वर्षी अशी किती अंगणे कायमची झाकली जात असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते. हाताचा त्यात काही दोष नसतो. तिथे मातीच उरलेली नसते.

हे पुस्तक अशा अंगणांसाठी लिहिले आहे. दाबलेली जमीन खणत बसण्याऐवजी तिच्यावर वीत-दीड वीत उंचीचे वाफे रचायचे, त्यांत माती तयार करायची आणि घरापुरती भाजी घ्यायची, एवढाच त्याचा विषय. पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी या उंचीबद्दल थोडे सविस्तर बोलणे मला आवश्यक वाटते. वाफा किती उंच करायचा, हे कुठल्याही एका पुस्तकातून उचलता येत नाही.

उंच वाफा ही आपल्याकडे परदेशातून आलेली गोष्ट समजली जाते. लाकडी चौकटी, त्यांत भरलेली भुसभुशीत माती, अशी चित्रे मोबाइलवर दिसतात म्हणून तसे वाटते. पण नाशिक-नगरकडच्या कोणत्याही कांदेवाल्याला गादीवाफा विचारा. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच, हे माप तो न आठवता सांगेल, कारण रोप सपाट वाफ्यात टाकले आणि पावसाने झोडपले तर मर होते हे त्याने पाहिलेले असते. हळद आणि आले करणारेही आता रुंद गादीवर लागवड करतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेत १९७०च्या दशकात काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा आणि सरीच्या पद्धतीवर काम झाले. आज मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन पेरणारे शेतकरी तिला सरळ ‘बीबीएफ’ म्हणतात, त्याचे पेरणीयंत्र वापरतात. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते, कमी झाला तर सरीतच मुरते. अंगणातला वाफा याच कुटुंबातला आहे. शेतातले हे शहाणपण घराजवळ येताना मध्येच कुठेतरी गळून गेले, इतकेच.

मुळाला पाणी लागते तशीच हवाही लागते. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली भोके बंद होतात, आणि श्रावणात आठ-आठ दिवस उघडीप मिळाली नाही तर मिरची उभ्याने पिवळी पडते. आपल्याला वाटते पाणी जास्त झाले. प्रत्यक्षात तिचा श्वास कोंडलेला असतो. शेतकरी वाफसा येण्याची वाट पाहतो ती ओल आणि हवा या दोन्हींचा मेळ बसावा म्हणूनच. उंच वाफ्यात हा वाफसा लवकर येतो. पावसाळी प्रदेशात त्याची खरी किंमत हीच आहे.

आता इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांकडे वळू. या विषयावरचे बहुतेक छापील साहित्य तिकडचे आहे, आणि त्यातले काही फार मोलाचे आहे. अ‍ॅलन चॅडविक यांनी १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या सांताक्रुझ विद्यापीठाच्या उतारावर केलेली बाग, त्याच परंपरेत जॉन जेव्हन्स यांनी १९७४ साली काढलेले कमी जागेत जास्त भाजी पिकवण्याचे पुस्तक, मेल बार्थोलोम्यू यांची १९८१ची चौरस फुटांची पद्धत, हे सगळे मी आदराने वाचले आहे. पण तिकडे वाफा उंच करण्याचे एक मोठे कारण थंडी हे आहे. हिवाळ्यानंतर गोठलेली जमीन उशिरा तापते. उंच वाफा बाजूंनीही ऊन घेतो, लवकर तापतो, आणि पेरणी काही आठवडे आधी करता येते. आपल्या एप्रिलमध्ये हाच गुण शत्रू होतो. बाजूंनी तापणारा वाफा दुपारपर्यंत कोरडा पडतो आणि संध्याकाळी काकडीची पाने माना टाकतात.

आपल्याकडची खरी अडचण इथेच आहे. ज्या वाफ्यातून जुलैत पाणी चटकन निघून जाते, त्याच वाफ्यातून एप्रिलमध्येही ते निघून जाते. चार महिने पाणी घालवायचे आणि आठ महिने धरून ठेवायचे, ही दोन उलटी कामे एकाच वाफ्याकडून करून घ्यायची असतात. म्हणून रत्नागिरी आणि सोलापूर यांना एकच माप देता येत नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे फूट-दीड फूट उंच वाफा योग्यच. कोल्हापूर-सातारा पट्ट्यात आठ-नऊ इंच पुरतात. सोलापूर-लातूरकडे सहा इंचांच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे, आणि जिथे जमीन हलकी, पाऊस थोडा आणि पाणी टँकरचे, तिथे वाफा वर नेण्याऐवजी वीतभर खालीच घ्यावा. पुस्तक उंच वाफ्यांचे असूनही हे मी मुद्दाम लिहितो आहे. बाग पाणी वाचवण्यासाठी करायची आणि टँकर मात्र वाढवायचा, असे होऊ नये.

एक वेगळा विचार मात्र सगळीकडे लागू पडतो: माती ही हलवता येणारी संपत्ती आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या भोवती भाजीवाल्यांचे मळे होते. शहरातल्या तबेल्यांतली घोड्याची लीद पिढ्यान्‌पिढ्या घालून त्यांनी आपली माती तयार केली होती. क्रोपोट्किन यांनी १८९९च्या आपल्या ‘फील्ड्स, फॅक्टरीज अँड वर्कशॉप्स’ या पुस्तकात नोंदवले आहे, की हे माळी जमीन भाड्याने घेताना करारातच अट घालत: जागा सोडताना ठरावीक खोलीपर्यंतची माती आम्ही सोबत नेऊ. जमीन मालकाची, माती माळ्याची. हे वाचल्यापासून भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मी हेच सांगतो. अंगण तुमचे नसेल, पण वाफ्यात तयार केलेली माती तुमची आहे. घर बदलताना ती पोत्यांत भरा आणि न्या.

दुसरे उदाहरण हवानाचे. १९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाला मिळणारे तेल, खते, धान्य एकाएकी आटले. राजधानीतल्या मोकळ्या जागांवर, पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्यावर लोकांनी बुटक्या भिंतींचे लांबच लांब वाफे बांधले आणि माती व कंपोस्ट भरून भाजी घेतली. तिकडे त्यांना ‘ऑर्गानोपोनिको’ म्हणतात. खालची जमीन निकामी होती म्हणून वाफा वर आला. आपल्या बंगल्यांच्या अंगणांना हा धडा थेट लागू पडतो.

आणि तिसरे नाव आपल्याच घरातले. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर, ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे, ‘विपुलाच सृष्टी’ लिहिणारे. तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून गच्चीवर भाजी करणाऱ्यांपर्यंत कितीतरी लोकांना त्यांनी आपल्या जागेत प्रयोग करायला, आपल्या नोंदी ठेवायला लावले. दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसे जगेल याचा त्यांनी हिशेब मांडला. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. आपल्या अंगणात एवढी जागा क्वचितच असते. पण त्यांची मूळ शिकवण जागेच्या आकाराची नव्हतीच. किती पानावर किती ऊन पडते, याचा हिशेब त्यांनी सामान्य माणसाच्या हातात दिला. अंगणाची आखणी करताना मी तिथूनच सुरुवात करतो.

भाजीला दिवसाचे सहा तास ऊन हवे, हे सगळे सांगतात. ते कुठल्या महिन्यातले, हे फार थोडे सांगतात. आपली मुख्य भाजी कार्तिकापासून माघापर्यंतची: मेथी, पालक, शेपू, चाकवत, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो, वाटाणा. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेला कललेला असतो. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात ऐन माध्यान्हीसुद्धा तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. त्यामुळे सहा फुटी कंपाउंडची सावली दुपारी बारालाही उत्तरेकडे जवळजवळ साडेपाच फूट पसरते, आणि सकाळ-संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीला चिकटून केलेला वाफा भाजीच्या ऐन हंगामात अंधारात राहतो. उन्हाळ्यात पाहणी केलेल्या माणसाला हे दिसत नाही, कारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो, आणि तोच कोपरा लख्ख उजळलेला दिसतो. मेमध्ये जागा ठरवणाऱ्याची फसगत होते ती इथे. भिंत दक्षिणेला असेल तर तिच्यापासून निदान सहा-सात फूट सोडा. त्या सावलीच्या पट्ट्यात अळू, पुदिना, आले, हळद आनंदाने राहतात. वाफे शक्यतो उत्तर-दक्षिण लांबीचे घ्या, म्हणजे उंच झाडांची सावली दिवसभर एकाच शेजाऱ्यावर पडत नाही. मांडव मात्र उत्तरेच्या कडेला, कारण पडवळ आणि दोडका वर चढले की त्यांची सावली इतरांवर यायला नको.

वाफ्याची रुंदी हाताच्या लांबीवर ठरते. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. म्हणून चार फूट, बुटक्या माणसाला किंवा मुलांना तीन-साडेतीन. एका बाजूला भिंत असेल तर दोनच. लांबी दहा फुटांपेक्षा जास्त केली की वळसा घालायचा कंटाळा येतो आणि माणूस वाफा ओलांडतो. एकदा पाय पडला की तिथली माती दबली, आणि इतक्या कष्टाने आणलेली हवा गेली. वाफ्यावर पाय द्यायचा नाही, हा या साऱ्या पद्धतीतला एकमेव कडक नियम आहे. बाकी सगळ्यात तडजोड चालते.

माती किती लागेल याचा अंदाज आधी करा, नाहीतर काम अर्ध्यावर अडते. दहा फूट लांब, चार फूट रुंद, नऊ इंच उंच वाफ्याला तीस घनफूट भरण लागते. असे चार वाफे म्हणजे १२० घनफूट, वाळू-मुरमाच्या भाषेत जवळजवळ सव्वा ब्रास. ही सगळी माती विकत आणायची गरज नाही. परदेशी पुस्तकांतले पीट आणि व्हर्मिक्युलाइटचे मिश्रण तर विसरूनच जा. ते महाग आहे आणि आपल्याला त्याची जरूरही नाही. अर्धा भाग माती, पाव भाग कुजलेले शेणखत, पाव भाग पालापाचोळा, आणि तळाला काड्या-फांद्या. आजूबाजूला जे सहज मिळते ते घ्यावे. ऊसपट्ट्यात पाचट आणि कारखान्याची कुजवलेली मळी, कोकणात नारळाची सोडणे आणि ऐन-किंजळाचा पाला, इतरत्र कडुनिंब, पिंपळ, रस्त्याकडेच्या झाडांची पाने. पालिकेचे लोक ती जाळतात. त्यांच्याकडे मागितली तर पोतीच्या पोती मिळतात. काय कशावर रचायचे याचे शास्त्र सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसून घडवले, आणि तिथल्या शेतकऱ्यांचे व्यवहार डोळे उघडे ठेवून पाहिले म्हणूनच ते घडवू शकले. ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर गेले. कंपोस्टच्या प्रकरणात ती पूर्ण दिली आहे. इथे एवढेच, की नुसता वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा मातीत मिसळला तर तो कुजताना मातीतले नत्र खातो आणि वरची रोपे पिवळी पडतात. कोरड्याबरोबर ओले, म्हणजे शेण, हिरवा पाला, स्वयंपाकघरातला भाजीचा कचरा, घालावेच लागते.

नर्सरीतून टेम्पोने येणाऱ्या लाल मातीबद्दल माझे मत चांगले नाही. बऱ्याचदा ती रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराची असते. रंग सुंदर, आत जीव नाही. त्यापेक्षा तळ्यातला गाळ, किंवा शेजारी कोणाचा पाया खणला जात असेल तर तिथली वरची माती, कितीतरी चांगली. बाहेरची माती येते तेव्हा तिच्याबरोबर लव्हाळ्याच्या गाठीही येतात. हराळीवर जाड पुठ्ठा अंथरला तर बरीचशी दबते. लव्हाळा पुठ्ठाच काय, प्लास्टिकलाही भोक पाडून वर येतो. माती चाळून गाठी वेचणे हाच त्यावर उपाय आहे, आणि तो भरण्याआधीच करायचा.

कडांसाठी लाकूड वापरावे असे मला वाटत नाही. आपल्याकडे वाळवी आहे, पाऊस आहे. साधे लाकूड आणि बांबू दोन-तीन वर्षांत संपतात, आणि न संपणारे रेल्वेचे जुने स्लीपर तेलकट रसायनात भिजवलेले असतात. ते भाजीजवळ नकोत. अ‍ॅस्बेस्टॉसचे जुने पत्रेही नकोत. कोकणात जांभ्याचे चिरे, घाटावर विटा किंवा उभी रोवलेली शहाबादी फरशी, आणि सगळ्यांत सुरेख म्हणजे मंगलोरी कौले. जुन्या घरांवर पत्रे चढताहेत, उतरवलेली कौले अंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली असतात. ती निम्मी जमिनीत गाडून उभी केली की आठ-नऊ इंचांची सरळ कड तयार होते, खर्च काहीच नाही. दगडाच्या फटींत गोगलगायी बसतात, हे खरे. पावसाळ्यात संध्याकाळी ओले गोणपाट पसरून ठेवा आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोळा करा. मराठवाड्यात सोयाबीनची शेतेच्या शेते गोगलगायींनी फस्त केलेली ज्यांनी पाहिली आहेत, ते याकडे दुर्लक्ष करणार नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कड दीड-दोन फुटांची पक्की बांधावी, म्हणजे तिच्यावर बसून काम होते. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यामुळे पुन्हा मातीत हात घालता येत असेल, तर उन्हाळ्यात चार बादल्या पाणी जास्त लागले तरी ते सार्थकी लागते.

पाण्याचा हिशेबही सांगून ठेवतो. चाळीस चौरस फुटांचा वाफा म्हणजे पावणेचार चौरस मीटरला जरा कमी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात भाजीला दिवसाला सहा-सात मिलिमीटर धरले तर एका वाफ्याला बावीस ते सव्वीस लिटर, म्हणजे दोन बादल्यांच्या आत. वर तीन-चार बोटे पाचटाचे किंवा पाल्याचे आच्छादन असेल तर त्यातही बचत होते. घरात भाज्या-तांदूळ धुतल्याचे पाणी रोज किती निघते ते एकदा मोजून पाहा. चारही वाफे उन्हाळ्यात चालू ठेवलेच पाहिजेत असेही नाही. दोन वाफ्यांत तांदुळजा, चवळी, गवार, भेंडी घ्या आणि उरलेले दोन आच्छादनाखाली झोपू द्या.

या बागेतून कांदे-बटाटे पिकवायच्या फंदात पडू नका. ते बाजारात चांगले मिळतात, टिकतात, आणि अंगणातली जागा फार दिवस अडवतात. जी भाजी तोडल्यावर तासाभरात कोमेजते ती अंगणात लावा. पालेभाज्या, कोथिंबीर, कढीपत्ता, हिरवी मिरची, वाल-घेवड्याच्या कोवळ्या शेंगा, चुका, अंबाडी. चाकवत आणि तांदुळजा शहरांच्या मंडईत फार कमी दिसतात. ज्यांच्या अंगणात एक वाफा आहे त्यांच्या ताटात त्या अजून आहेत. कोकणातल्या वाचकांना मी खोटा भरवसा देणार नाही. माकडांच्या उपद्रवामुळे तिथे कित्येकांनी परसातली भाजी सोडली आहे आणि जाळीशिवाय काकडी हाती लागणे कठीण आहे. पण अळू, हळद, आले, सुरण, मिरची यांवर माकडांचे तितके लक्ष जात नाही, आणि तेवढ्यावरही दोन वाफे भरतात.

काम वैशाखात सुरू करा. वाफे भरून ठेवले की पहिल्या पावसांत भरण खाली बसते, कुजणे सुरू होते, आणि पहिले पीक म्हणून ताग किंवा चवळी टाकून फुलोऱ्याआधी तिथेच कापून आच्छादली तर दसऱ्यानंतर मेथीसाठी माती तयार असते. त्याहीआधी एक दिवस पहार घ्या. अंगणात जिथे वाफे करायचे तिथे फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या आणि तो पाण्याने काठोकाठ भरा. ते जिरले की पुन्हा भरा, आणि या दुसऱ्या वेळी काठी उभी करून पाणी तासाला किती उतरते ते पाहा. तासाला दोन-तीन इंच उतरत असेल तर सहा इंचांचा वाफा पुरे. इंचभरच उतरत असेल तर नऊ इंच घ्या. पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल तर खाली दाबलेला मुरूम किंवा काँक्रीटचा थर आहे. तो पहारीने जागोजागी फोडा, मगच फूटभर उंचीच्या वाफ्याची दोरी लावा. खड्ड्यातून निघालेली माती फेकू नका. तिची बरणीत पाणी घालून करायची परीक्षा पहिल्या प्रकरणात आहे.